श्रीक्षेत्र नृसिंहवाडी : कृष्णा-पंचगंगा संगमाचा अल्प इतिहास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या ग्रामदैवत श्री महादेवाच्या मंदिराचे जीर्णोद्धार-कार्य श्रींच्या कृपेने, ग्रामस्थांच्या श्रमाने व दानशूर मंडळींच्या सढळ साहाय्याने पूर्णत्वास गेले. त्यानिमित्त प्रसिद्ध होत असलेल्या या स्मरणिकेत मी चार शब्द लिहावेत, असा समितीच्या मंडळींनी आग्रह धरला. वास्तविक मी कोणी इतिहास-संशोधक नाही, की कीर्तनकार नाही. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. वडिलांच्या पश्चात तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागलो, पुढे लिपिक झालो. अर्ज, दाखले, नकला व पंचनामे यांतच माझे दिवस गेले. तरीही "तुम्ही कागदाची माणसे, तुम्हांस वर्षे-तारखा लक्षात राहतात" असे म्हणून वडीलधाऱ्यांनी हे काम माझ्या गळ्यात घातले, ते मी आज्ञा म्हणून स्वीकारले.

आपल्या मंदिराचा इतिहास या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहे. मी लिहिणार आहे ते श्रीक्षेत्र नृसिंहवाडीविषयी, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या नरसोबाच्या वाडीविषयी. आपल्या मंदिराच्या स्मरणिकेत वाडीचे प्रयोजन काय, असे परगावच्या देणगीदारांस वाटेल. प्रयोजन आहे. आपले देऊळ आज ज्या रीतीने उभे राहिले आहे, ती रीत आपण वाडीकडून घेतली. घेण्यास उशीर केला, व त्या उशिराची किंमतही मोजली. ती हकीकत शेवटी येईलच. तूर्त क्षेत्राकडे वळू.

संगमाचे स्थान

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते. वाटेत माहुलीस तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते. म्हणजे वाडीस येऊन पोचणारी कृष्णा ही एकटी नसते. लेकीबाळींना हाताशी धरून आलेल्या माहेरवाशिणीसारखी ती भरलेली असते.

पंचगंगेचे तर नावच पाच नद्यांचे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे अशी श्रद्धा आहे. श्रीगुरुचरित्रात या पाच नद्यांची नावे शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी व सरस्वती अशी दिलेली आहेत. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे त्या एकत्र येतात व तेथून पुढे पंचगंगा म्हणून वाहू लागतात. कोल्हापूर, इचलकरंजी या शहरांवरून येऊन पंचगंगा वाडीस कृष्णेला मिळते. पंचगंगेच्या पलीकडे कुरुंदवाड, कृष्णेच्या पैलतीरी औरवाड, आणि मधल्या कोपऱ्यात वाडी, अशी ही रचना आहे. येथून पुढे खिद्रापूरच्या अंगाने कृष्णा कर्नाटकात जाते. त्या खिद्रापुरात शिलाहारकालीन श्रीकोपेश्वराचे कोरीव मंदिर आहे, ते बहुतेकांनी पाहिले असेलच.

पुराच्या बाबतीत एक गोष्ट नवख्या माणसास उमगत नाही, म्हणून येथेच सांगून ठेवतो. आपल्या तालुक्यात पाऊस बेताचा. पाऊस कोसळतो तो महाबळेश्वर, कोयनानगर, राधानगरी, गगनबावडा या घाटमाथ्यावर. तेथे चार दिवस संततधार लागली, धरणे भरून विसर्ग सुरू झाला, की आपल्याकडे लख्ख ऊन पडलेले असताना नदी चढू लागते. शिवाय आपला प्रदेश सपाट. कृष्णा भरून वाहू लागली की पंचगंगेचे पाणी तिच्यात शिरेना होते. ते मागे फुगते व रानोमाळ पसरते. दोन नद्या भेटतात तेथे पुण्य आहे, तसेच पाणीही आहे. वाडीचा सगळा इतिहास या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच समजून घ्यावा लागतो.

श्रीगुरूंचे वास्तव्य

श्रीनृसिंह सरस्वती स्वामी महाराज हे श्रीदत्तात्रेयांचे अवतार मानले जातात. त्यांचा जन्म वऱ्हाडातील कारंजा येथे १४ व्या शतकाच्या अखेरीस झाला. पूर्वाश्रमीचे नाव नरहरी. बालपणीच घर सोडून ते काशीस गेले व तेथे कृष्ण सरस्वती नामक वृद्ध यतींकडून त्यांनी संन्यास घेतला. पुढे तीर्थयात्रा करीत ते कृष्णाकाठी आले. भिलवडीजवळ औदुंबर येथे त्यांनी चातुर्मास केला व तेथून ते या संगमावर आले. येथे त्यांचे १२ वर्षे वास्तव्य झाले. त्यानंतर ते भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरास गेले. पाहा, औदुंबर कृष्णातीरी, वाडी संगमावर, गाणगापूर संगमावर. श्रीगुरूंनी नदीची संगत कधी सोडली नाही.

सायंदेवांच्या वंशातील सरस्वती गंगाधर यांनी रचलेल्या श्रीगुरुचरित्रात या वास्तव्याचे वर्णन १८ व्या व १९ व्या अध्यायांत आले आहे. त्यात या स्थानास अमरापूर म्हटले आहे. पैलतीरावर औरवाडास श्रीअमरेश्वराचे देऊळ आहे, व त्या परिसरात चौसष्ट योगिनींचा वास सांगितला आहे. शुक्लतीर्थ, पापविनाशी, काम्यतीर्थ, अमरतीर्थ, कोटितीर्थ आदी आठ तीर्थेही वर्णिली आहेत. त्या काळी येथे गाव नव्हते. औदुंबराची झाडी होती, नदीचा काठ होता, आणि एका झाडाखाली बसलेले यतिराज होते.

भर दुपारी पैलतीरावरून योगिनी येत, श्रीगुरूंना भिक्षेसाठी घेऊन जात, व त्या वेळी नदी दुभंगून वाट देई, अशी कथा आहे. गंगानुज नावाच्या एका भाविकाने हा प्रकार पाहिला, तो त्या वाटेने मागे गेला, व त्याच्यावर श्रीगुरूंची कृपा झाली. पुढे श्रीगुरूंनी त्याला एका दिवसात प्रयाग, काशी व गया दाखविली, आणि हीच तीन स्थळे आपल्या भागातही आहेत असे सांगितले : कृष्णा-पंचगंगा संगम हाच प्रयाग, जुगूळ ही काशी व कोल्हापूर ही दक्षिणगया. ज्याला उत्तरेस जाण्याचे बळ नाही, गाठीस पैसा नाही, त्याने खंती होऊ नये, असाच यातील आशय मला वाटतो. आमची आजी काशीस कधी गेली नाही. परंतु दर पौर्णिमेस वाडीला जाऊन आली की "प्रयाग झाला" असे म्हणून ती शांतपणे चुलीपाशी बसे.

श्रीगुरू गाणगापुरास निघाले तेव्हा योगिनींनी व भक्तांनी फार आग्रह केला. तेव्हा त्यांनी येथे आपल्या पादुका ठेवल्या व आपण या औदुंबरापाशी सदैव आहोत असे आश्वासन दिले. याच त्या मनोहर पादुका. औदुंबरच्या त्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका व वाडीच्या मनोहर पादुका. आलासचे भैरंभट जेरे यांस श्रीगुरूंनी या पादुकांची सेवा सांगितली व आजचे पुजारी हे त्यांचेच वंशज, अशी परंपरा आहे. सेवा-पूजेभोवती घरे झाली, घरांची वाडी झाली, आणि नरसोबाची म्हणून ती नरसोबाची वाडी झाली. वाडीत देवळाआधी गाव नव्हते. आधी पादुका, मग सेवा, व सेवेसाठी गाव, असा तेथील क्रम आहे.

आपल्या तालुक्यातील आणखी एका स्थानाची आठवण येथे द्यावयास हवी. शिरोळ येथे भोजनपात्राचे मंदिर आहे. श्रीगुरू तेथे भिक्षेस गेले असता घरात पात्र नव्हते म्हणून पाषाणावरच भोजन झाले व त्या पाषाणावर त्यांच्या हाताची बोटे उमटली, अशी श्रद्धा आहे. भांडे नाही म्हणून कोणाची सेवा नाकारली गेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घेवड्याचा वेल व बादशहाचे दान

या स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची यादी छापली आहे. त्यात मोठे आकडे आहेत, लहानही आहेत. यादी तयार करताना काही माताभगिनींनी "आमचे नाव नका घालू, रक्कम फार थोडी आहे" असे सांगितल्याचे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी वाडीच्या परंपरेतील दोन कथा येथे देतो.

पहिली कथा गुरुचरित्राच्या १८ व्या अध्यायातील. अमरापुरात एक दरिद्री ब्राह्मण होता. भिक्षा मिळाली तर घरात शिजे, नाही मिळाली तर अंगणातील घेवड्याच्या शेंगांवर कुटुंब दिवस काढी. एके दिवशी श्रीगुरू त्याच्या दारी भिक्षेस आले. घरात धान्याचा कण नव्हता. त्याने त्याच शेंगांची भाजी करून भक्तिभावाने वाढली. श्रीगुरू जेवले, आणि जाताना त्यांनी तो वेलच उपटून टाकला. बायको रडू लागली, कारण पोट भरण्याचे तेवढेच साधन होते. ब्राह्मणाने तिची समजूत काढली व वेलाचे मूळ खणून काढू लागला, तो खाली धनाने भरलेला कुंभ लागला.

दुसरी कथा विजापूरच्या आदिलशहाची. बादशहाच्या कन्येची दृष्टी गेली होती. पुष्कळ उपाय झाले. शेवटी कोणाच्या सांगण्यावरून तो वाडीस आला, पादुकांपाशी नवस बोलला, व कन्येस दृष्टी आली. त्याने कृतज्ञतेने मंदिर बांधून दिले व औरवाड आणि गौरवाड ही गावे देवस्थानास इनाम दिली, असे परंपरेने सांगतात. वाडीच्या मंदिरास उंच शिखर नाही, घुमटाची घडण आहे, ती या कारणाने, असेही जुनी माणसे सांगतात.

आता आम्हां कचेरीतील माणसांना खोड असते, तारीख जुळवून पाहण्याची. विजापूरची आदिलशाही इ. स. १४९० मध्ये सुरू झाली व १६८६ मध्ये संपली. श्रीगुरूंचे वाडीतील वास्तव्य त्यापूर्वीचे. म्हणजे परंपरा खरी धरली तर निदान अर्धशतक तरी पादुकांवर असे दगडी मंदिर नव्हते. औदुंबराची सावली, पादुका व पुजाऱ्यांची सेवा, एवढ्यावर क्षेत्र टिकले. बांधकाम मागाहून आले. आणि आले ते दुसऱ्या धर्माच्या राजाच्या हातून आले, हे तेथील लोक आजही संकोच न धरता सांगतात.

बादशहाचे दान मोठे, परंतु ग्रंथात स्थान मिळाले ते घेवड्याच्या शेंगांना. तरी ज्या माउलींनी आपले नाव नको म्हटले त्यांनी याचा विचार करावा. समितीने त्यांची नावे यादीत घातली आहेत. त्यांनी रागावू नये.

दक्षिणद्वार

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो.

पावसाळ्यात नदी चढू लागली की वाडीचा घाट पायरी-पायरीने पाण्याखाली जातो. पुजारी व सेवेकरी मंडपातील साहित्य वर हलवितात. मग पाणी मंदिराच्या उत्तरद्वारातून आत येते, पादुकांना स्पर्श करते व दक्षिणद्वारातून बाहेर पडते. या दक्षिणद्वारी भाविक स्नान करतात. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी वाढत असताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. एखाद्या वर्षी हा योग दोन-तीन वेळाही येतो, एखाद्या वर्षी येतच नाही. बातमी लागली की लोक मिळेल त्या वाहनाने रात्री-अपरात्री धावतात. प्रत्यक्ष गंगामाई श्रीचरणांना स्नान घालण्यास आली, असा भाव असतो.

पाणी आणखी चढले की दर्शन थांबते. उत्सवमूर्ती वरच्या बाजूस श्रीनारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. तेथेही पाणी आले तर आणखी वर श्रीटेंबेस्वामींच्या मठात नेतात. श्रीवासुदेवानंद सरस्वती तथा टेंबेस्वामी महाराज यांचा जन्म १८५४ मध्ये सावंतवाडीकडील माणगावी झाला व १९१४ मध्ये नर्मदातीरी गरुडेश्वर येथे ते समाधिस्थ झाले. वाडीवर त्यांची अपार श्रद्धा. तर उत्सवमूर्ती अशी पायरीपायरीने वर जाते. पूजा, नैवेद्य, आरती यांत खंड पडत नाही. मूळ पादुका मात्र जागच्या जागी पाण्यात राहतात. पाणी उतरले की गाळ काढायचा, धुवून काढायचे, आणि पुन्हा पहाटेची काकडआरती सुरू.

दर १२ वर्षांनी गुरू कन्या राशीस येतो तेव्हा कन्यागत महापर्वकाळ होतो व त्या काळात गंगा कृष्णेच्या भेटीस येते अशी श्रद्धा आहे. मागील पर्वकाळ २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. तेव्हा पालखी शुक्लतीर्थावर स्नानास गेली, तो सोहळा मी बंदोबस्ताच्या कामातून थोडा वेळ काढून पाहिला. तेव्हाही मनात आले की येथे देव माणसांसाठी घाट चढून वर येतो आणि नदीसाठी घाट उतरून खाली जातो.

मी लहानपणापासून दक्षिणद्वाराला गेलो आहे. परंतु त्यातील व्यवहार मला फार उशिरा कळला. हलविता येण्याजोगे ते वेळीच हलवावे. न हलणारे ते असे बांधावे की पाणी आले तरी त्याला आत येण्यास एक दार व बाहेर जाण्यास दुसरे दार असावे. वाडीच्या पूर्वजांनी नदीला अडविले नाही. तिच्यासाठी दार ठेवले, आणि त्या दाराचा सण केला.

आपली भिंत

आता थोडी आपली हकीकत. ही सांगताना मला संकोच होतो, पण स्मरणिकेत चांगले तेवढेच लिहावे हा काही न्याय नव्हे.

२००५ साली जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पूर आला. तेव्हा मी कचेरीत नुकताच लागलो होतो. आपल्या देवळात पुरुषभर पाणी उभे राहिले व गाभाऱ्यात हातभर गाळ साचला. पाणी ओसरल्यावर आम्ही तरुण मंडळी पेटून उठलो. देवाला पुन्हा पाणी लागू द्यायचे नाही, असा निश्चय केला. वर्गणी काढली, आणि देवळाच्या नदीकडील अंगास सिमेंट-काँक्रीटची उंच भिंत बांधली. तीत माझा पुढाकार होता. गावातील एक वृद्ध गवंडी त्या वेळी म्हणाले होते, "बाळ, भिंतीला खाली चार भोके तरी ठेवा." आम्ही हसलो. भोके ठेवली तर भिंत कशाला, असे मीच त्यांना उत्तर दिले. ते गृहस्थ आज हयात नाहीत.

चौदा वर्षे भिंतीने काम केले. लहान पूर आले, भिंतीबाहेरून गेले. आमची छाती फुगली. मग आला २०१९ चा ऑगस्ट.

तो पूर वाचकांस सांगावयास नको. कोल्हापूर व सांगली या दोन्ही जिल्ह्यांनी तो भोगला. आपला तालुका चहूबाजूंनी वेढला गेला. वाडीचे मंदिर पाण्याखाली गेले; गावे रिकामी करावी लागली. माझी नेमणूक निवारा केंद्रावर होती. कोण कोठून आले, घरात माणसे किती, जनावरे किती, याची नोंद मी रात्रंदिवस करीत होतो. आपल्या गावची माणसे नावेतून उतरली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो नमुन्यातला : कुटुंबातील व्यक्ती किती. समोर माझीच चुलती उभी होती. ती म्हणाली, "अरे, माणसं सगळी आली. देवाचं काय झालं, ते लिही की."

पाणी ओसरल्यावर पंचनाम्यास निघालो. आपल्या देवळाजवळ आलो तेव्हा बाहेर पाणी उतरून जमीन दिसू लागली होती, परंतु भिंतीच्या आत तळे तसेच उभे होते. भिंतीवरून आत आलेले पाणी भिंतीनेच अडवून धरले होते. बाहेरचे पाणी उतरताच आतल्या पाण्याचा भार भिंतीला सोसला नाही, एक बाजू बाहेर कोसळली होती, व तिच्याबरोबर नदीकडील जुनी दीपमाळ उलथून पडली होती. आजोबा-पणजोबांनी त्रिपुरी पौर्णिमेस जिच्यावर दिवे लावले, ती दीपमाळ पुराने पाडली नाही. ती आमच्या भिंतीने पाडली. पंचनाम्याच्या नमुन्यात पडझडीचे कारण लिहावे लागते. मी "पुरामुळे" असे लिहिले. कागदोपत्री ते चूक नाही. पण गेली काही वर्षे तो शब्द मला डाचतो आहे, म्हणून येथे खरे कारण लिहून ठेवीत आहे.

त्याच आठवड्यात कामानिमित्त वाडीस गेलो. तेथे गाळ अपार होता, नुकसान आपल्याहून कितीतरी मोठे. दुकाने, घरे, संसार उघड्यावर पडलेले. पेढे-बासुंदीची, कवठाच्या बर्फीची दुकाने चिखलाने भरलेली. मळीच्या रानातील वांग्यांची वाफे नाहीशी झालेली. त्या दुःखास मी लहान समजत नाही. परंतु मंदिरात पुजारी, ग्रामस्थ, परगावची तरुण मुले ओळीने उभी राहून पाणी मारीत होती, आणि पाणी एका दाराने आत जाऊन दुसऱ्या दाराने गाळ घेऊन बाहेर पडत होते. पादुका जागच्या जागी होत्या. मी उत्तरद्वारी उभा राहिलो व आमच्या वृद्ध गवंड्यांचे शब्द आठवले.

जीर्णोद्धाराचा निर्णय

२०२१ च्या जुलैअखेर पुन्हा पूर आला आणि देवळाच्या उरल्यासुरल्या भिंती खचल्या. तेव्हा गावात दोन पक्ष पडले, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एक पक्ष म्हणे, देऊळ उचलून वर सडकेकडे नवे बांधावे. दुसरा म्हणे, देवाची जागा हलवायची नाही. त्याऐवजी आणखी उंच व आणखी मजबूत भिंत घालावी. भांडण इतके विकोपास गेले की दोन वर्षे यात्रेची वर्गणी दोन ठिकाणी निघाली. एकाच घरातील भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. बाहेरगावच्या देणगीदारांनी "आधी तुमचे ठरवा, मग पैसे मागा" असे कळविले, व ते रास्तच होते.

शेवटी जुन्या मंडळींनी दोन्ही पक्षांतील पाच-पाच माणसांना बरोबर घेऊन दक्षिणद्वाराला वाडीस नेले. कोणी भाषण केले नाही. पाणी पादुकांवरून वाहत होते. सर्वांनी स्नान केले. येताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दोन्ही पक्ष ज्यांच्या शब्दाला मान देतात असे एक गृहस्थ एवढेच म्हणाले, "पिंडी जागेवर राहू द्या. बाकीचं वर घेऊया."

तोच निर्णय झाला. वाचकहो, आज आपण जे मंदिर पाहता ते असे आहे : गाभारा मूळ जागी, मूळ उंचीवर, घडीव दगडात. नदीकडील भिंत काढून टाकली. सभामंडपास भिंती न घालता खांब ठेवले, उत्तरेस व दक्षिणेस मोकळी वाट ठेवली. उत्सवमूर्ती, पालखी, समया, भांडी व दप्तर यांसाठी वरच्या अंगास वेगळी खोली बांधली, आणि तीच खोली पुराच्या दिवसांत देवघर व्हावी अशी सोय केली. पडलेल्या दीपमाळेचे दगड गोळा करून ती पुन्हा उभी केली. दोन दगड सापडले नाहीत, तेथे नवे बसविले आहेत. ते रंगाने वेगळे दिसतात, तसेच दिसू द्यावेत अशी माझी विनंती आहे.

पुढील पिढीने कोणत्या पावसात कोणती वस्तू कोणी हलवायची, याची यादी त्या खोलीत लावलेली आहे. ती मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिली आहे. कोणी माणूस गेला वा गाव सोडून गेला तर त्या जागी दुसऱ्याचे नाव घालावे. यादी जुनी होऊ देऊ नये, कारण वाडीची परंपरा टिकली ती दगडाइतकीच तेथील पाळीपाळीच्या सेवेने टिकली.

आपण सारे संगमाच्या मुलखात राहतो. येथील काळी जमीन, येथील ऊस, भाजीपाला व दुधदुभते हे सारे नदीने आणलेल्या गाळावर उभे आहे. जी नदी देते तीच कधीमधी देवळात येणार. ती आली तर तिला वाट असावी, आणि गेल्यावर झाडू हाती घेणारी माणसे असावीत. एवढे असले की देव जागेवर राहतो.

जीर्णोद्धारास ज्यांनी धन दिले, ज्यांनी श्रम दिले, ज्यांनी ट्रॅक्टर-ट्रॉली दिली, ज्यांनी मजुरांस भाकरी करून वाढल्या, आणि ज्यांनी आपले भांडण मागे घेतले, त्या सर्वांस श्रीदत्तगुरू व श्रीमहादेव उदंड आयुरारोग्य देवोत. हा लेख लिहिताना परंपरेने ऐकलेले व कागदांनी कळलेले असे दोन्ही घेतले आहे. लेखात काही न्यून राहिले असल्यास ते माझे आहे, सुज्ञांनी उदार मनाने सांभाळून घ्यावे.

चूकभूल द्यावी घ्यावी. इति लेखनसीमा.

आपला नम्र,
एक ग्रामस्थ
(लिपिक, तहसील कचेरी)